पीसी चालू होईना? आधी फॉरमॅटला नाही म्हणा

जून संपला की आमच्या मेलबॉक्समध्ये एकच गाऱ्हाणं सुरू होतं, काल रात्रीपर्यंत छान चालत होता आणि आज बटण दाबलं तर काहीच नाही. या वेळी एवढी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत आणि सगळी जागा चालू न होणाऱ्या पीसीलाच दिलीय. उत्तरांआधी एक विनंती, अगदी कळकळीची. पीसी बंद पडणं वेगळं आणि त्यातला डेटा जाणं वेगळं. मशीन बंद पडलं तरी फोटो, हिशेब, फायली बहुतेक वेळा डिस्कवर जागच्या जागी असतात, मग घाईघाईत कुणीतरी विंडोज नव्याने टाकतं आणि तेव्हा त्या जातात. त्यामुळे कुणी 'फॉरमॅट मारून देतो, तासाभरात होईल' म्हणालं की लगेच विचारायचं, माझा डेटा आधी कुठे काढून ठेवणार?

प्रश्न : मॅडम, आमचा पीसी सात वर्षं जुना, चाळीत खिडकीजवळच्या टेबलावर असतो. पंधरा दिवस गावाला गेलो होतो, आल्यावर चालू केला तर पंखे फिरतात, लाइट लागते, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. ओळखीचा दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, साडेसहा हजार लागतील. खरंच गेला असेल का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : दादा, साडेसहा हजार लगेच काढू नका. पंधरा दिवस बंद खोली, बाहेर धो धो पाऊस, टेबल खिडकीला लागून, एवढं वाचूनच माझा पहिला संशय रॅमवर गेला. रॅमच्या पट्टीला खालच्या बाजूला सोनेरी दात असतात, आपल्याकडच्या दमट हवेत त्या दातांवर आणि स्लॉटच्या आतल्या पिनांवर पातळ थर धरतो, कधीकधी डोळ्याला दिसतही नाही, पण तेवढ्याने कनेक्शन नीट होत नाही आणि मदरबोर्डला रॅम सापडली नाही की तो तिथेच अडकतो, स्क्रीनवर काही दाखवायची वेळच येत नाही. म्हणून पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी.

पत्रा उघडायच्या आधी मात्र एक मिनिटाचं काम करा. मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना काढून परत लावा, आणि तुमच्या पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावलीय ना बघा, मदरबोर्डच्या पोर्टला नाही. साफसफाई करताना केबल निघते आणि घरातलं कुणीतरी दिसेल त्या भोकात लावून टाकतं, असं मी कितीतरी घरांत पाहिलंय.

ते ठीक असेल तर आता रॅम. भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा, मग पीसीचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. बाजूचा पत्रा काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते, रॅमच्या टोकाची क्लिप बाहेर ढकला आणि पट्टी सरळ वर उचला. काही बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते, तिथे दुसरीकडे ओढाताण नको. आता शाळेच्या कंपासपेटीतलं साधं पांढरं खोडरबर घ्या, शाई खोडायचं खरखरीत नको, आणि सोनेरी दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने वरून खाली पुसा. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या बिल्डिंगमधला एक पीसी असाच आला होता, खोडरबर फिरवलं तर त्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळपट रेघ उमटली आणि दात परत पिवळेधम्मक दिसायला लागले, पट्टी लावली आणि पहिल्या बटणाला स्क्रीन आली. रबराचा भुगा कोरड्या ब्रशने झटका, स्लॉटमध्येही ब्रश फिरवा, तोंडाने फुंकू नका कारण फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात आणि मग तिथेच गंज धरतो.

परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकं अंगठ्याने कट् असा आवाज येईपर्यंत दाबायची. इथे लोक घाबरतात आणि पट्टी अर्धवट बसते. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून, पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दुरुस्त झालं तरी कशाने झालं ते कळत नाही. बोर्डाला छोटा स्पीकर असेल तर रॅमच्या तक्रारीला बीप वाजतात, बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात, ज्याच्यावर दिवा अडकला तो संशयित. आणखी एक, तुमचा पीसी जुना आहे पण ज्यांच्याकडे डीडीआर ५ रॅम आहे त्यांच्यासाठी सांगते, रॅम काढून लावली की पहिल्यांदा चालू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, मदरबोर्ड रॅम तपासत असतो, तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका.

यानेही नाही झालं तर दुकानदाराला म्हणा, माझ्यासमोर दुसरी चालू रॅम लावून दाखवा, मग एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलून दाखवा. त्यानंतरही नाही आलं तर मदरबोर्डाचं बोलू. आणि इथून पुढे पावसाळाभर पीसी दोन-तीन दिवसांनी तासभर तरी चालू ठेवत जा, आतल्या गरमीने दमटपणा सुकतो.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त माणूस. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, दिवा नाही, पंखा नाही. पीसी यूपीएसवर आहे, यूपीएस २०२० साली मुंबईभर लाइट गेली होती त्यानंतर घेतला. मधून मधून कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, त्याचा याच्याशी काही संबंध? – एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड

उत्तर : काका, ती १२ ऑक्टोबर २०२०ची सकाळ मलाही चांगली आठवते, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या आणि घरून काम करणारे सगळे अडकले होते. तेव्हा पुष्कळांनी यूपीएस घेतले आणि आता त्या सगळ्यांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात. घरगुती यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते, तिचं आयुष्य दोन-तीन वर्षं. ती पूर्ण मेली की बरेच यूपीएस घरात लाइट असूनही चालू होत नाहीत. तेव्हा पहिलं काम, यूपीएस बाजूला करा आणि पीसीची वायर थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावा. त्याच सॉकेटला आधी टेबल लॅम्प लावून करंट आहे ना खात्री करा. कॅबिनेटच्या मागे वायर लागते तिथे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल, रेघेची बाजू दाबलेली हवी. मोलकरणीच्या फडक्याने तो स्विच बंद झालेला आणि घरच्यांनी दोन दिवस शोधाशोध केलेली, असंही होतं.

एवढं करूनही ढिम्म असेल तर एसएमपीएस किंवा पुढचं बटण. बटणाची वायर मदरबोर्डला ज्या दोन पिनांना जाते त्या पिना टेक्निशियनने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि पीसी उठला, तर दोष बटणाचा, काम किरकोळ. नाही उठला तर तो एसएमपीएस बाहेर काढून तपासेल. तुम्ही स्वतः एसएमपीएसचा डबा उघडू नका काका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. घ्यायची वेळ आली तर नाव असलेल्या कंपनीचा घ्या, कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारे हलके डबे नकोत, ते जाताना मदरबोर्ड आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतात.

आणि मुंग्यांचं मी सगळ्यात गंभीरपणे घेते. पीसी बंद पडण्याशी त्याचा थेट संबंध बहुधा नाही, पण घरात अर्थिंग नाही याचं ते लक्षण आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो, नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज चढून बसतो आणि हात लावला की मुंग्या येतात. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण वरच्या मोठ्या भोकात मागून वायरच नसते. लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलवून तेवढं तपासून घ्या, पीसी नंतर. घरात नातवंडं येत असतील, ओल्या हाताने फ्रिजला हात लावत असतील.

प्रश्न : चालू करताना दर वेळी तारीख कित्येक वर्षं मागची दाखवतो आणि 'एफ १ दाबा' म्हणतो. आता तर इंटरनेटवर कुठलीच साइट उघडत नाही. व्हायरस आहे का? – एक वाचक, वरळी

उत्तर : नाही हो, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर २०३२ मागायचा, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी म्हणून ते नाव. तारीख चुकीची असली की सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं जुळत नाहीत, म्हणून काही उघडत नाही. वायर काढून सेल बदला, तारीख लावा. त्यानंतर विंडोज निळी स्क्रीन देऊन अडकायला लागलं तर घाबरू नका, सेल संपल्यावर बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमची, सेटिंग मूळ जागी गेलेली असतात, त्यातलं साटा मोड नावाचं सेटिंग पूर्वी एएचसीआय होतं की रेड ते बघून पूर्वीसारखं करा. जुना सेल मात्र टेबलावर टाकून ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, तास दोन तासात सुरू होतं. चिकटपट्टी गुंडाळून ई-कचऱ्यात द्या.

प्रश्न : मुलगी टीवायला आहे. रविवारी लॅपटॉपमध्ये अपडेट चालू होतं आणि बॅटरी संपून बंद झाला. तेव्हापासून 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' येतं, गोल गोल फिरतं आणि परत तेच. स्टेशनजवळच्या दुकानात नेला, तो म्हणाला फॉरमॅट करावा लागेल, बाराशे रुपये. तिचा प्रोजेक्ट त्यात आहे, दहा दिवसांवर सबमिशन, पोरगी जेवतसुद्धा नाहीये. काहीतरी सांगा. – एक आई, बोरिवली

उत्तर : ताई, आधी मुलीला जेवायला बसवा आणि तिला सांगा की प्रोजेक्ट बहुधा सुखरूप आहे. विंडोज सुरू होत नाही म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या काही फायली अर्धवट राहिल्यात, तिच्या वर्ड आणि एक्सेलच्या फायलींना त्या अपडेटने हातही लावलेला नसतो. १९ जुलै २०२४चा गोंधळ आठवत असेल, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन देऊन बसले होते, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले होते. त्यावर उपाय काय होता, तर सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतं विंडोज चालू करून, एक फाइल उडवायची. फॉरमॅट नव्हता.

चार्जर लावून ठेवा आणि पूर्ण काम होईपर्यंत काढू नका. चालू केल्यावर लोगो दिसला की पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा, असं दोनदा करा, तिसऱ्या वेळी निळ्या रंगाचं रिकव्हरीचं पान येईल, तुमच्याकडे तर ते आपोआपच येत असेल. तिथे 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट', मग परत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आता दुरुस्तीचं काहीही दाबायच्या आधी प्रोजेक्ट बाहेर काढायचा. पेन ड्राइव्ह लावा आणि 'कमांड प्रॉम्प्ट' निवडा, पासवर्ड विचारला तर द्या. काळी खिडकी उघडेल, त्यात नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. हो, तेच साधं नोटपॅड. त्याच्या फाइल मेनूत 'ओपन'ला जा, खाली टेक्स्ट फाइल्सच्या जागी 'ऑल फाइल्स' करा, आणि बघा, तुमच्यासमोर सगळे ड्राइव्ह आलेत. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी कदाचित डी म्हणून दिसेल, गोंधळू नका. युजर्स, त्यात मुलीच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. कॉपी होताना काहीच दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, म्हणून एका वेळी थोडं थोडं घ्या आणि धीर धरा. मी हे पहिल्यांदा एका शिक्षिकेच्या लॅपटॉपवर केलं होतं, दहावीच्या मुलांचे मार्क होते त्यात, पेन ड्राइव्ह दुसऱ्या पीसीला लावून फाइल उघडली तेव्हा त्या बाई खुर्चीतच रडायला लागल्या.

आता मधे एक अडथळा येऊ शकतो. लॅपटॉप विंडोज ११चा असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेला असेल तर डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. मग तो ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. घाबरू नका आणि आकडे अंदाजाने टाकत बसू नका. मोबाइलवर मुलीच्या त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा, डिव्हाइसच्या माहितीत बिटलॉकर की सापडते, लॅपटॉपच्या स्क्रीनवर जो की आयडी दिसतो त्याची पहिली आठ अक्षरं तिथल्या आयडीशी जुळवून घ्या. लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने स्वतःचा ईमेल टाकून सेटअप करून दिला असेल तर की त्याच्या अकाउंटला असेल, त्याला फोन करा. आणि ती की कुठेच मिळाली नाही तर मागच्या दाराने उघडायचा रस्ता नाही, कुणी उघडून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

फायली हातात आल्या की मग दुरुस्ती. त्याच पानावर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, तुमच्या बाबतीत मी तिथूनच सुरुवात करेन, आधी क्वालिटी अपडेट, म्हणजे दर महिन्याला येणारं छोटं अपडेट, काढून बघा. नाही झालं तर 'स्टार्टअप रिपेअर', मग 'सिस्टिम रिस्टोर'. 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून रीस्टार्ट करून ४ दाबलं की सेफ मोड मिळतो, तिथपर्यंत गेला तरी अर्धी लढाई जिंकली. अगदी शेवटी 'रिसेट धिस पीसी', त्यात 'कीप माय फाइल्स' निवडायचं, प्रोग्रॅम जातात पण फायली राहतात, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' नाही. हे सगळं फुकट आहे. बाराशे रुपये वाचले तर त्यातून एक चांगला पेन ड्राइव्ह घ्या, आणि प्रोजेक्ट सबमिट होईपर्यंत मुलीने रोज रात्री स्वतःलाच ईमेल करावा.

प्रश्न : तळमजल्यावर घर आहे, परवा रात्री पाणी शिरलं, सीपीयू खाली होता, अर्धा बुडाला. हेअर ड्रायरने सुकवून चालू करू का? – एक वाचक, कुर्ला

उत्तर : नको, कृपा करून आत्ता चालू करू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर कित्येक आठवडे असे बुडालेले डबे येत होते, आणि ज्यांनी दुसऱ्याच दिवशी 'बघू तरी' म्हणून बटण दाबलं त्यांचंच जास्त गेलं. गटाराचं पाणी म्हणजे मीठ, माती, साबण. ओल्यात करंट सोडला की शॉर्ट होतं, आणि सुकल्यावरही जो क्षार राहतो तो पिना खातो. घराच्या मेन स्विचचं आधी बघा, सॉकेटपर्यंत पाणी आलं असेल तर इलेक्ट्रिशियनशिवाय लाइट चालू करू नका. मग पीसीची वायर काढा, मदरबोर्डवरचा सेल काढा, सगळे भाग सुटे करा. एसएमपीएस बुडाला असेल तर तो टाकूनच द्या. बोर्ड आणि रॅम टेक्निशियनकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्या. ड्रायरची गरम हवा नको, त्याने माती आत आत जाते, पंख्याखाली तीन-चार दिवस राहू द्या.

हार्ड डिस्कचं मात्र उलटं आहे. फिरती डिस्क पूर्ण हवाबंद नसते, बहुतेकींना हवा आत-बाहेर व्हायला एक बारीक भोक असतं, पाण्यात बुडाली तर आत घाण गेलेली असू शकते. आत काही महत्त्वाचं असेल तर ती सुकवू नका, ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबला द्या, कारण सुकली की घाण तबकडीला चिकटून बसते. महत्त्वाचं काही नसेल तर सोडून द्या. पुढचा पीसी टेबलावर ठेवा.

प्रश्न : आमचं गिरगावात डीटीपीचं काम आहे, घरूनच करतो मी आणि मिसेस. पीसी विंडोज एक्सपीचा, पानं लावायचं पेजमेकर ७ त्याच्यावरच चालतं म्हणून बदलला नाही. मंगळवारपासून चालू केल्यावर टक्... टक्... टक् असा आवाज येतो आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' दिसतं. एका दिवाळी अंकाची ऐंशी पानं लागलेली आहेत, शिवाय पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, पुस्तकं. भाचा म्हणतो चेक डिस्क चालवू, कुणी म्हणतं फ्रीजरमध्ये ठेव. डोकं चालत नाहीये. – एक डीटीपी व्यावसायिक, गिरगाव

उत्तर : दादा, हे पत्र वाचल्यावर मी मेलने लगेच एकच ओळ पाठवली होती, पीसी बंद ठेवा. आता सविस्तर लिहिते, कारण असा आवाज ऐकणारे तुम्ही एकटे नाही.

डिस्कच्या आत काचेसारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० वेळा फिरते आणि तिच्यावरून वाचणारं डोकं, म्हणजे हेड, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावरून तरंगत जातं. तबकडीवर जागा ओळखायच्या खुणा असतात. हेड बिघडलं किंवा खुणा वाचता येईनात की ते परत टोकाला जाऊन पहिल्यापासून सुरुवात करतं, पुन्हा चुकतं, पुन्हा परततं. तुम्ही ऐकताय तो टक् म्हणजे ते परतणं. हेड वाकलेलं असेल तर प्रत्येक फेरीत ते तबकडीवर ओरखडा पाडत असतं, आणि जिथे ओरखडा पडला तिथली पानं कुठल्याही लॅबला मिळत नाहीत. म्हणून 'अजून एकदा चालू करून बघू' हे इथे सगळ्यात महाग पडतं.

चेक डिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम, नको. ते दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं, आणि मरणाऱ्या डिस्कवर काहीही लिहायचं नसतं. फ्रीजर तर मुळीच नको, बाहेर काढल्यावर आपल्या हवेत आत दव धरतं. आणि झाकण उघडू नका, धुळीचा एक कण हेड आणि तबकडीमधल्या फटीपेक्षा मोठा असतो.

एक शक्यता फक्त तपासून घ्या, ती पण एकदाच. कधीकधी डिस्कला पॉवर कमी मिळाली तरी असा आवाज येतो. डिस्कच्या दोन्ही केबली बदला, पॉवरचा दुसरा कनेक्टर लावा, आणि चालू करून कान देऊन ऐका. पाच सेकंदांत टक् आला तर लगेच बंद, तिथेच थांबायचं, पुढचं काम लॅबचं. टक् नाही आला आणि बायोसमध्ये डिस्कचं नाव आणि साइज बरोबर दिसली तरी विंडोज सुरू करू नका, कारण विंडोज स्वतःच डिस्कवर शेकडो गोष्टी लिहीत-वाचत बसतं. डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावा, तो पीसी लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे विंडोजऐवजी थेट पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर, चालू करा, आणि डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या नव्या डिस्कवर घ्या. त्याची रीत मला फार आवडते, जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो आणि अडलेल्या जागांकडे शेवटी परत येतो, आणि कुठपर्यंत आलो याची नोंद एका फायलीत ठेवतो म्हणजे मधे बंद पडलं तरी तिथून पुढे. भाच्याला लिनक्स येत असेल तर हे त्याचं काम. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे मात्र कागदावर मॉडेल नंबर लिहून दोघांनी मिळून तपासा, उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल तुमच्या पानांवर बसेल.

लॅबकडे द्यायची झाली तर ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, तुम्ही चालत जाल. तिथे सगळे दुकानदार डेटा रिकव्हरीची पाटी लावतात, पण आत हेड बदलायची स्वच्छ खोली सगळ्यांकडे नसते, बरेच जण पुढे दुसरीकडे पाठवतात. सरळ विचारा, डिस्क तुम्हीच उघडणार का, कुठे उघडणार, डेटा नाही मिळाला तर किती घेणार, आणि पैसे द्यायच्या आधी मिळालेल्या फायलींची यादी दाखवणार का. उत्तरं लेखी घ्या. दिवाळी अंकाची फोल्डरं कुठली त्याची नावं त्यांना आधी द्या, म्हणजे हेड जेमतेम चाललं तर पहिली तीच उचलतील.

आता डीटीपीवाल्यांसाठी खास गोष्ट, ती लॅबवाल्याला माहीत नसते. नुसत्या पेजमेकरच्या फायली मिळून भागत नाही. तुमचे मराठी फाँट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे असणार, त्यात 'क' हा खरा 'क' म्हणून साठवलेला नसतो, कुठल्यातरी रोमन अक्षराच्या नाहीतर चिन्हाच्या जागेवर त्याचा आकार बसवलेला असतो. तो फाँट नसेल तर ऐंशीच्या ऐंशी पानांवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसेल आणि तुम्हाला वाटेल फाइल खराब आली. तेव्हा विंडोजच्या फोल्डरमधलं फाँट्स हे फोल्डर आणि मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर यादीत सगळ्यात वर लिहा. त्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे लावल्याशिवाय ते चालत नाही असा छोटा प्लग, असेल तर तो पीसीच्या मागून आजच काढून कपाटात ठेवा. आणि चित्रं पेजमेकरच्या फायलीत असतीलच असं नाही, बहुतेक वेळा नुसती जोडलेली असतात, त्यांचं फोल्डर वेगळं सांगा.

हे चालू असताना अंकाचं काम थांबवू नका. तुम्ही प्रूफं संपादकांना ईमेलने नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपने पाठवली असतील ना? त्या पीडीएफ त्यांच्याकडे असतील, आजच मागवा. छापखान्यात जुने अंक गेले असतील तर त्यांच्याकडेही बऱ्याचदा फायली पडलेल्या असतात. लेखकांनी पाठवलेला मजकूर तर मेलमध्ये आहेच. मला वाटतं ऐंशीतली बरीच पानं तुम्हाला डिस्कला हात न लावताच परत उभी करता येतील, आणि मग लॅबकडे जाताना डोक्यावरचं ओझं थोडं कमी असेल.

नवी डिस्क येईल तेव्हा तीन नकला ठेवा, एक पीसीत, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी घराबाहेर, नातेवाईकांकडे नाहीतर क्लाउडवर. बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात, कायम लावलेली नको.

डिस्क नेताना जाड कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत न्या, स्कूटरच्या डिकीत नको. आणि फायली परत आल्यावर अक्षरं कचऱ्यासारखी दिसली तर एक पान आणि फाँटचं नाव मला पाठवा, जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणायचं काम मी तुमच्याबरोबर बसून करेन.